कौतिकअक्काचा वाकडा फेरा

एकोणीसशे चोपन्न साल. मी, रघू शिंपी, तेव्हा एकोणतीस वर्षांचा. अमळनेरात माझं स्वतःचं दुकान होतं, स्वतःची मशीन होती, आणि माझ्यासारखी सरळ शिलाई स्टेशनपासून बोरी नदीपर्यंत कुणाची नाही असं मी मानत होतो. अजूनही मानतो. आता पंच्याऐंशी पार केली, डोळ्यात मोतीबिंदू होऊन गेले, तरी कुणाच्या खमीसाची बाही बघितली की शिंप्याने कुठे घाई केली ते मला दिसतं.

मी चौथीपर्यंत शिकलो. चौथीची परीक्षा दिली नाही, त्यामुळे नापास झालो असं कुणी म्हणू शकत नाही. लिहिण्याचा मला सराव आहे तो पोस्टकार्डांचा, कारण गल्लीतली निम्मी कार्डं मीच लिहायचो. आज हे एवढं मोठं लिहायला बसलो ते कौतिकअक्कासाठी. बायको होती तोवर लिहायची गरज नव्हती, ती दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मला आठवण करून द्यायची. आता ती नाही, तेव्हा हे काम माझ्यावर आलं.

कौतिकअक्का आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. एक खोली, पुढे शेणाने सारवलेला लांब ओटा. नवरा कापसाच्या जिनात कामाला होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. उंचीने ठेंगणी, हात मात्र पुरुषासारखे मोठे. दुपारी मिश्री लावून झाली की ती ओट्यावर गोणपाट अंथरायची, आणि तिच्याकडे बघून एकेक बाई आपलं काम आटोपून यायची. तिथे गोधडी शिवली जायची. गोधड्या सगळ्या खान्देशात शिवतात, त्यात नवल नाही. पण आमच्या गल्लीत अक्काने जी रीत घातली होती ती मी दुसरीकडे पाहिली नाही.

एक बाई मधला तुकडा धरायची. वीतभर, दोन वीत, तिला वाटेल तेवढा. तो ती शेजारणीकडे द्यायची. शेजारीण त्याच्या चारी बाजूंनी आपल्या घरच्या जुन्या कापडाची पट्टी लावायची, की झाला तिचा एक फेरा. मग ते तिसरीकडे. असं घरोघर फिरत फिरत ते वाढत जायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही काय रंग लावू, किती रुंद लावू. माप नाही, नकाशा नाही. मागचीने काय लावलं ते बघायचं आणि त्यावर आपलं लावायचं. शेवटी सगळ्या ओट्यावर जमायच्या, खाली जुनं लुगडं, मध्ये धोतर, वर हा सगळा फेऱ्यांचा पसारा, आणि चारी बाजूंनी बसून धावता टाका घालायच्या.

या रीतीत अक्काचा एकच नियम होता. "दुसराना टाका उसवाना नही. काय सांगनं शे ते आपला फेरामा सांगा." म्हणजे मागचीचं आवडलं नाही तर तिचं उसवायचं नाही, आपल्या फेऱ्यात उत्तर द्यायचं.

या नियमाची एकदा चांगलीच परीक्षा झाली. शेवंता आणि मैना या दोघी भिंतीला भिंत लागून राहायच्या आणि नळाच्या पाण्यावरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. गोधडी शेवंताकडून मैनाकडे जायची होती. शेवंताने मुद्दाम गोणपाटाचा फेरा लावला, तोही दुहेरी, की मैनाची सुई मोडावी. मैनाच्या दोन सुया मोडल्या. ती गोधडी घेऊन अक्काकडे आली आणि म्हणाली हे उसवा, नाहीतर मी शिवत नाही. अक्काने हात लावून पाहिला, आणि म्हणाली, शेवंताचं बोलून झालं, आता तुला बोलायचं ते तू बोल. मैना घरी गेली आणि तिने बैलाच्या झुलीचा फेरा लावला. पुढच्या बायकांनाही मग चेव आला. ती गोधडी अशी जड झाली की तिच्याखाली निजलेल्या माणसाला कूस बदलायला दुसऱ्याची मदत लागायची. पण खरी गंमत पुढे. ती धुवायला नदीवर न्यायची तर एकट्या बाईला उचलेना. गोधडी होती शेवंताच्या सासूसाठी. शेवंताला मैनाचंच दार वाजवावं लागलं. दोघी काठीला अडकवून ती नेताना आम्ही सगळ्या गल्लीने पाहिल्या. परत येताना बोलत होत्या.

अक्का माझ्या दुकानात दर दोन दिवसांनी यायची. उंबऱ्यावर बसायची, आत येत नसे. मशीनखाली पडलेलं कातरण चाळायची. नवं कोरं कापड असलं तर बाजूला टाकायची. मी एकदा म्हटलं, अक्का, नवं आहे, टिकेल. ती म्हणाली, "त्यानी अजून कोनाना घाम दखा नही. त्याले काय समजस?" जुन्या धोतराची, झंपराची चिंधी मिळाली की ती बोटांत चोळायची आणि सांगायची की हे अमक्याचं. आणि ते अमक्याचंच असायचं.

माझ्या मशीनला ती हवालदार म्हणायची. "तुनी मशीन हवालदारना मायक चालस. टक टक टक, ना इकडे दखस ना तिकडे." मला राग यायचा. मी म्हणायचो, इकडे तिकडे बघून शिवलं की तुमच्यासारखं वाकडं जातं. ती हसायची. तिचे दात मिश्रीने काळे झाले होते, पण हसणं लहान पोरीचं.

तेलाच्या गिरणीचा भोंगा वाजला की ती सुई जिथे असेल तिथे थांबवायची. अर्धी आत, अर्धी बाहेर. भोंगा संपला की पुढे. विचारलं तर म्हणायची की भोंग्यात घातलेला टाका चुकतो. तिचं पाहून सगळ्या बायका थांबायच्या. दुपारच्या वेळी कुणी परका माणूस गल्लीतून गेला तर त्याला दिसायचं की दहा बायका हातात सुया धरून पुतळ्यासारख्या बसल्या आहेत, आणि भोंगा थांबला की एकदम सगळ्यांचे हात चालू.

एकदा कुठल्या तरी सरकारी खात्याचे साहेब आले होते. हातकामाच्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं होतं. त्यांना अक्काची गोधडी फार आवडली. वहीत चित्र काढून घेतलं आणि म्हणाले, बाई, अशा एकसारख्या दोन करून द्या, एक इथे राहील, एक मुंबईला जाईल. अक्काने त्यांना पाणी दिलं, गूळ दिला. मग म्हणाली, "साहेब, मना मायले एकसारखा दोन पोरं झाया नहीत. माले एकसारख्या दोन गोधड्या कश्या व्हतीन?" साहेब बराच वेळ समजावत राहिले. शेवटी गुळाचा खडा तोंडात टाकून गेले.

आता डोळ्यांचं सांगतो.

चोपन्न सालच्या पावसाळ्यापासून अक्का सकाळी दुकानात यायची ती दहा-बारा सुया घेऊन. म्हणायची, दोरा ओवून दे. मी एकामागून एक ओवून द्यायचो. मला वाटायचं, साठी उलटलेल्या बाईला दोरा नाही ओवता येत, त्यात काय. उलट बरं वाटायचं की माझ्याकडे येते, दुसऱ्या कुणाकडे जात नाही.

धुळ्याला तिचा पुतण्या होता, निंबा. एका कचेरीत पट्टेवाला. चांगला माणूस. दर आखाजीला आणि दिवाळीला तो तिला न्यायला यायचा आणि दर वेळी रिकामा परत जायचा. जाता जाता माझ्या दुकानात टेकायचा. त्यानेच मला सांगितलं की म्हातारीने त्याला शब्द दिला आहे. काय शब्द? तर, "ज्या दिन मना फेरा दुसराले शिवना पडी, त्या दिन माले ली जाय. तवलोंग माले आठेच ऱ्हाऊ दे." माझा फेरा दुसऱ्याला शिवावा लागला की ने, तोवर इथेच राहू दे. निंबा म्हणाला, भाऊ, धुळ्याला आमच्याकडे दोन खोल्या, तिसऱ्या मजल्याएवढा उंच जिना, ओळखीचं कुणी नाही. तिला तिथे नेऊन बसवणं म्हणजे झाड उपटून कुंडीत लावणं, हे मलाही कळतं. पण पडली-झडली तर लोक मला बोलतील. तिचा फेरा चालू आहे तोवर मी गप्प बसतो.

हे मला माहीत होतं. नंतर लोकांनी म्हटलं, रघूला काय माहीत. लिहून ठेवतो. माहीत होतं.

पंचावन्न साल उजाडलं आणि आमच्या घरी पाळणा हलायची चिन्हं दिसली. माझी बायको इंदू. लग्नाला सहा वर्षं झाली होती, एक मूल पोटातच गेलं होतं. गल्लीतल्या बायकांनी आपणहून ठरवलं की या बाळाची गोधडी फेऱ्यांची करायची, आणि मधला तुकडा इंदूने धरायचा. इंदूने माझ्या आईच्या लुगड्याचा तुकडा धरला. मग शेवंताचा फेरा झाला, मैनाचा झाला, आणखी दोघींचे झाले, आणि मग अक्काचा. अक्काकडून ती गोधडी पुढचा फेरा घालायला आमच्या घरी आली.

त्याच आठवड्यात डोहाळेजेवण होतं. धुळ्याहून माझे सासरे येणार होते. आता हे सासरे कोण, तर धुळ्यातले नावाजलेले शिंपी. मी त्यांच्याच दुकानात काम शिकलो. त्यांनी मला मुलगी दिली, पण माझ्या हाताला कधी पुरतं चांगलं म्हटलं नाही. चार माणसांत म्हणायचे, जावईबापूंचं सगळं ठीक, काजं जरा ढिली असतात. हे वाक्य मी सहा वर्षं गिळत होतो.

आणि माझ्या घरात, माझ्या बाळाची गोधडी, तिच्यावर शेवटचा फेरा अक्काचा, तो वाकडा. थोडाथोडका नव्हे. एका टोकाला चार बोटं रुंद, दुसऱ्या टोकाला सहा. टाका कुठे बोटभर, कुठे जवारीच्या दाण्याएवढा. खालच्या बाजूला पट्टी मुरगळलेली. मला डोळ्यासमोर सासरे दिसले, ती गोधडी हातात घेऊन खिडकीपाशी उजेडात धरलेले.

मंगळवारी दुकान बंद असायचं. इंदू शेवंताबरोबर नदीवर गेली होती. मी गोधडी काढली, कैची घेतली आणि अक्काचा सगळा फेरा उसवला. पट्ट्यांना इस्त्री केली, खडूने रेघ मारली, जास्तीचं कापून टाकलं, आणि मशीनवर शिवून टाकला. चारी बाजूंनी बरोबर चार बोटं. दुपारपर्यंत काम झालं. खोटं कशाला बोलू, मला फार समाधान वाटलं. मी ती गोधडी दोरीवर टाकली आणि लांबून बघत बसलो.

इंदू आली, तिने पाहिलं, आणि ओल्या कपड्यांची बादली तिथेच ठेवून खाली बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. ती म्हणाली, "हे काय केलं तुम्ही?"

मी म्हटलं, सरळ केलं.

तेव्हा तिने मला जे सांगितलं ते गल्लीतल्या सगळ्या बायकांना वर्षभर माहीत होतं आणि एकाही पुरुषाला माहीत नव्हतं. अक्काला दिसत नव्हतं. उजव्या डोळ्याने मुळीच नाही, डाव्याने उजेड-अंधार तेवढा. ती बोटांनी शिवत होती. आणि तिचा हात दर वेळी डावीकडे कलायचा. म्हणून तिच्यानंतर जिचा फेरा असेल ती आपली पट्टी त्या बाजूला बारीक घ्यायची, या बाजूला रुंद. तिसरी उरलेलं भरून काढायची. दोन फेऱ्यांत गोधडी परत चौकोनी. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एकीने केलं, दुसरीने पाहिलं, तिने केलं. गेल्या वर्षभरात गल्लीतून निघालेली प्रत्येक गोधडी अशी होती, आणि प्रत्येकीचे चारी कोपरे जुळलेले होते.

"तुम्हाला वाटलं ती चुकते," इंदू म्हणाली. "अहो, आम्ही तिच्या हाताने चाललोय."

मग ती उठली, गोधडी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, उद्या दुपारी मला ही ओट्यावर न्यायची आहे. अजून उजेड आहे. हे उसवा आणि होतं तसं हाताने घाला. तुम्ही शिंपी आहात, तुमच्या लक्षात असेल कुठे किती होतं ते. जिथे कापलंय तिथे मी तुकडा जोडते.

माझ्या लक्षात होतं. प्रत्येक टाका लक्षात होता. उजेडही पुष्कळ होता. संध्याकाळपर्यंत सहज झालं असतं.

मी म्हटलं, "मी वाकडं शिवायला शिंपी झालो नाही."

एवढंच बोललो. तिने पुन्हा सांगितलं नाही. तिने स्वतः करायला घेतलं असतं, पण सातवा महिना, पाय सुजलेले, नदीवरून आलेली. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि मी गोधडी घडी करून ठेवून दिली.

बुधवारी जाताना तिने मला एवढंच सांगितलं की मी म्हणेन उंदराने कुरतडलं, म्हणून मी घाईत दुसरं लावलं. तुम्ही काही बोलू नका. खरं म्हणजे तुम्ही येऊच नका. पण मी गेलो. ओट्याच्या खाली उभा राहिलो. का गेलो? मला वाटलं, सासरे यायचे तेव्हा येतील, तोवर निदान या बायका तरी बघतील की सरळ फेरा कसा दिसतो.

अक्काची एक सवय होती. गोधडी तिच्याकडे आली की ती मधल्या तुकड्यापासून बोटं फिरवत बाहेर यायची आणि कुणाचा फेरा ते सांगायची. "हाई इंदूनं. हाई शेवंतानं, लवकरमा शिवं दिसस. हाई मैनानं. मैना, त्या दिन रागमा व्हती का?" बायका हसायच्या. त्या दिवशीही हसल्या. मग बोटं तिच्या स्वतःच्या फेऱ्यावर आली आणि थांबली. पुढे गेली, मागे आली. चारी बाजूंनी फिरली. बायकांचं हसणं आपोआप बंद झालं.

"हाई कोनं शे?"

इंदू बोलायला लागली, "अक्का, ते उंदराने..."

आणि मी म्हटलं, "उंदीरबिंदीर काही नाही. अक्का, माझं काम आहे ते. जरा वाकडं गेलं होतं, सरळ करून दिलं."

मला माझं काम उंदरावर जाऊ द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी बोललो. आज साठ वर्षांच्या जवळपास झाली, दुसरं कारण शोधून सापडलेलं नाही.

अक्काने वर पाहिलं, म्हणजे माझा आवाज होता त्या बाजूला तोंड केलं. तिने रागावावं असं मला नंतर फार वाटत आलं. तिने शिवणीवरून अंगठा फिरवला, जसा आम्ही शिंपी फिरवतो तसा, आणि म्हणाली, "चांगलं शिवं रे भो. एकदम सरय शे." मग गोधडीची घडी घातली आणि इंदूच्या हातात दिली. सुया गोळा केल्या. गिरणीचा भोंगा व्हायला अजून वेळ होता, पण बायका उठल्या.

दोन दिवसांनी ती दुकानात आली. या वेळी भिंतीला हात लावत आली, लपवलं नाही. उंबऱ्यावर न बसता आत आली. हातात कोरं पोस्टकार्ड. म्हणाली, "निंबाले कागद लिख. म्हन, आते ये."

मी लिहिलं. बाकी तिने काही सांगितलं नाही, म्हणून मी वर "अनेक आशीर्वाद" घातले आणि खाली "तुझी काकू". अक्षर माझं चांगलं होतं. लिहिताना मला वाटत होतं, म्हातारी रुसली आहे, चार दिवसांत उतरेल. मी म्हणू शकलो असतो की अक्का, चुकलो. माझ्या समोर, हाताच्या अंतरावर उभी होती. मी कार्ड वाचून दाखवलं. ती म्हणाली, ठीक शे.

निंबा आठव्या दिवशी आला. एक पत्र्याची पेटी, एक बोचकं. सगळ्या बायका मोटरच्या अड्ड्यापर्यंत गेल्या. मैना रडत होती, शेवंता तिला गप्प करता करता स्वतः रडत होती. मी त्या दिवशी लग्नाच्या कपड्यांची घाई असल्याचं सांगून दुकानात बसलो. घाई नव्हती.

आमची सुमन जन्मली. गोधडी तशीच राहिली. इंदूने माझ्या फेऱ्यापुढे टाका घातला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. ओट्यावर बायका काही महिने जमल्या, मग कमी झाल्या. मैना एकदा इंदूला म्हणाली की आता सरळच शिवायचं तर आपापल्या घरी बसून शिवलेलं काय वाईट. सत्तावन्न सालापर्यंत तो ओटा रिकामा झाला. ज्याने ती खोली घेतली त्याने ओट्यावर सरकीच्या गोण्या रचल्या.

या वर्षांत मी धुळ्याला कितीदा तरी गेलो. सासुरवाडी तिथे, मशीनचे भाग तिथे, दोऱ्याचे डबे तिथे. प्रत्येक वेळी इंदू विचारायची, अक्काकडे जाऊन आलात? मी म्हणायचो, वेळ झाला नाही. सासऱ्यांच्या घरापासून निंबाचं घर पानाचा विडा संपेपर्यंतच्या अंतरावर होतं.

अक्का एकोणसाठच्या थंडीत गेली. हे आताच सांगून टाकतो, कारण मला शेवटी तिचं मरण लिहायचं नाही. मी ते पाहिलंही नाही, निंबाचं कार्ड आलं तेवढंच. मला लिहायची आहे ती त्याच्या आदल्या वर्षीची, अठ्ठावन्नची भेट. ती एकच.

सासरे आजारी होते म्हणून गेलो होतो. त्यांनी मला अंथरुणाजवळ बोलावलं, माझ्या खमीसाचं काज बोटाने चाचपलं आणि म्हणाले, आता बरं जमतं. ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो तो मिळाला, आणि मला काही झालं नाही. मी बाहेर पडलो आणि पाय आपोआप निंबाच्या घराकडे वळले. आपोआप म्हणतो, पण तसं नव्हतं. लाज वाटत होती म्हणून तसं म्हणतो.

जिना चढून गेलो. गॅलरीत अक्का पाट टाकून बसली होती. केस कापलेले, अंग निम्मं झालेलं. हात मात्र तसेच मोठे, मांडीवर उताणे ठेवलेले. निंबाची बायको म्हणाली, सुई दिली तर टोचून घेतील म्हणून आम्ही लपवतो सगळं. चांगल्या मनाने म्हणाली. अक्का ऐकत होती.

"कोन शे?"

मी चपला काढत राहिलो. निंबाची बायको म्हणाली, अमळनेरचे रघू शिंपी.

अक्काचं तोंड उजळलं. खरंच उजळलं. मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल. तिने हाताने जागा चाचपून मला बसायला सांगितलं, आणि एकेकाची विचारपूस केली. शेवंताची सासू आहे का, मैनाचा पोरगा सुधारला का, पोर कशी आहे, इंदूचे पाय दुखतात का. मी सांगत गेलो. मग म्हणाली,

"ती पोरनी गोधडी पुरी झायी का रे?"

मी म्हटलं, "झाली."

"चारी कोपरा भिडनात?"

"भिडले."

"मंग बरं," ती म्हणाली. "माले रोज वाटे, तो सरय फेरापुढे त्या काय करतीन. बरं झायं."

तीन वर्षं ती गॅलरीत बसून याचा विचार करत होती. माझा राग नाही, स्वतःचं दुःख नाही. मी घातलेल्या फेऱ्याला बायका कसं सांभाळून घेतील, याचा. मी उठलो. चुकलो म्हणायचं होतं, आणि मी म्हटलं, येतो अक्का. ती म्हणाली, "जाय भो, मोटर चुकी."

खाली रस्त्यावर येऊन मी वर पाहिलं. तिने मी बसलो होतो ती जागा हाताने पुन्हा एकदा चाचपली, मी गेलो की नाही ते बघायला. मग हात परत मांडीवर ठेवला.

घरी पोचलो तेव्हा इंदूने विचारलं नाही, तरी मी सांगितलं की गेलो होतो. काय बोलणं झालं तेही सांगितलं, खोटं बोललो तेही. तिने भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं नाही. ट्रंकेतून गोधडी काढली, इंदूपुढे ठेवली आणि म्हटलं, तुमची ती रीत मला शिकव, कुणाचं वाकडं गेलं तर पुढच्याने कुठे बारीक घ्यायचं, कुठे रुंद. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी तिला काही शिकव म्हणालो ते पहिल्यांदा. तिने गोधडी उलटी केली, माझी शिवण वर आणली आणि म्हणाली, आधी तुमचं उसवा. मी आमच्या घरापुढच्या ओट्यावर उजेडाला बसलो आणि उसवायला लागलो. मशीनची शिवण होती, पक्की. दुपारपर्यंत एकच बाजू निघाली.